धनलालजींची हिवाळी मोटार

धनलालजी पटल्यांच्या मोटारीतून मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा निम्मा रस्ता मी मोटारीच्या पुढे चालत होतो.

हातात कंदील होता. मार्गशीर्षातली सकाळ, धानाच्या कापलेल्या बांध्यांवर धुकं असं साचलेलं की स्वतःचे बूटसुद्धा ओळखीचे वाटेनात. मागे मोटार गुरगुरत येत होती आणि तिच्यातून धनलालजी मान बाहेर काढून ओरडत होते, "डाव्या अंगानं चला, गुरुजी! डाव्या!" शाळेच्या वळणावर माझ्याच वर्गातली चार पोरं उभी होती. त्यांनी मला नमस्कार केला, मोटारीला केला आणि मग जी हसायला लागली ती वर्षभर हसत राहिली.

"पण मला तुम्ही मोटारीत बसवून नेणार होता ना?" शाळेपाशी आल्यावर मी विचारलं.

"फायदा सांगू का नुकसान?" धनलालजी म्हणाले.

"दोन्ही सांगा."

"फायदा असा का मोटारीपुढं मानूस चालला तं रस्ता दिसते. नुकसान असं का त्या मानसाले थंडी वाजते."

"म्हणजे फायदा तुमचा आणि नुकसान माझं."

"तेच तं सांगून राहिलो," ते समाधानाने म्हणाले. "हिशोब बराबर हाय."

मी वर्ध्याकडचा. मास्तरकीच्या नोकरीवर गोंदियाला आलो आणि मुर्रीच्या वाटेवर धनलालजींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे घरमालकाचं निरीक्षण करायला वेळ भरपूर होता. धनलालजी तिरोड्याकडचे मालगुजार. मालगुजारी गेली, बायको त्याच्याही आधी गेली होती, तेव्हा गावातलं घर पुतण्यांना देऊन ते इथे येऊन राहिले. सोबत एक लोखंडी पेटी, एक आरामखुर्ची आणि ही काळी विलायती मोटार. मूलबाळ आहे का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "हाय ना. सुखी हाय." आणि लगेच विषय मोटारीवर न्यायचे. गोंदियातल्या लोकांना एवढं पुरत असे. गिरण्या, विडीचे कारखाने आणि तंबाखूचे भाव यांतून ज्यांना सवड मिळते, ते दुसऱ्याच्या दुःखाची चौकशी करत नाहीत, फक्त गंमत तेवढी बघतात.

आणि गंमत खूप होती. उन्हाळ्यात धनलालजी चारचौघांसारखे होते. पंख्याने वारा घ्यायचे, आंब्याचं पन्हं प्यायचे, मोटारीवर ताडपत्री टाकून ठेवायचे. दिवाळी झाली, पहाटे नाकाला गारवा लागू लागला की ताडपत्री निघायची आणि माणूस बदलायचा. मग रोज काहीतरी ठोकाठोक. थंडीत मोटार चालवणं म्हणजे वाघाच्या गुहेत शिरणं, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि गुहेत शिरायचं तर तयारीने शिरायचं.

सुरुवात पिवळ्या दिव्यापासून झाली. पांढरा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो, पिवळा येत नाही, असं त्यांनी कुठल्याशा फौजी ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. पिवळी काच गोंदियात मिळेना, म्हणून दिव्यांवर त्यांनी पतंगाचा पिवळा कागद चिकटवला. फायदा असा की खरोखरच डोळ्यांवर तिरीप येत नव्हती. नुकसान असं की मुर्रीचा नाका ओलांडायच्या आत कागद पेटला. पुढे बिरशीच्या विमानतळावरचं लढाईतलं सामान लिलावात निघालं, त्यात त्यांना एक पिवळ्या काचेचा दिवा मिळाला. तो त्यांनी अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवला. खालचं धुकं विरळ असतं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या दिव्यात रस्त्याची कड स्वच्छ दिसायची. बाकी काहीच दिसायचं नाही. समोरून बैलगाडी आली तर बैलांचे खूर दिसायचे, बैल कुठे आहेत ते खुरांवरून ताडावं लागायचं.

त्याच लिलावातून विमानातल्या खुर्च्यांचे पट्टे आले. जाड, खाकी, पोटावर आवळायचे. अचानक ब्रेक लावला तर माणूस काचेवर जाऊन आपटू नये म्हणून. आता मोटार ज्या वेगाने जायची त्या वेगात ब्रेक अचानक लागणं अवघड होतं, तरी पट्टा बांधल्याशिवाय ते चाक फिरू देत नसत. कुडव्याला एका लग्नाला जाताना त्यांनी तहसील कचेरीतल्या हेडक्लार्कला असं बांधलं की तिथे पोचल्यावर पट्ट्याचं बक्कलच उघडेना. मंगलाष्टकं झाली, पंगत बसली, हेडक्लार्क मोटारीतच. शेवटी वधूपित्याने ताट मोटारीत आणून दिलं आणि आग्रह करून जिलेबी वाढली. पोट आवळलेलं, त्यामुळे त्यांना ती खाताही येईना. धनलालजी खिडकीशी उभे राहून त्यांची समजूत घालत होते, "पन साहेब, तुमी आपटले नाई, हे तं माना!"

काचेवर दव धरू नये म्हणून ते कच्चा बटाटा कापून काचेला चोळत. हा उपाय खरंच चालायचा. फक्त मोटार उभी केली की आजूबाजूच्या शेळ्या काच चाटायला यायच्या. मागची चाकं ओल्या चिखलात घसरू नयेत म्हणून मागच्या बाजूला वाळूची पोती. पोत्यांनी मोटार दबून चालायची, घसरायची नाही, आणि स्प्रिंगांचे पाटे मोडायचे. इंजिन थंड पडू नये म्हणून समोरच्या जाळीवर एक काळी घोंगडी शिवून टाकलेली. मोटारीला थंडी वाजते असं म्हणून लोक हसायचे. पण सकाळी इतर मोटारी ढकलून ढकलून थकायच्या तेव्हा धनलालजींची पहिल्या हॅन्डलला सुरू व्हायची, हेही त्या हसणाऱ्यांनी पाहिलेलं होतं.

मागे टांगलेल्या लाल कंदिलाची गोष्ट तर गावात अजून सांगतात. मागून येणाऱ्याला मोटार दिसावी म्हणून तो होता. एका पहाटे धान भरलेली एक बैलगाडी त्या कंदिलामागे लागली. गाडीवानाला वाटलं, पुढे गिरणीची गाडी चालली आहे. धुक्यात त्याने दुसरीकडे पाहिलंच नाही. धनलालजी घरी आले, फाटक उघडून मोटार आत घेतली, आणि मागोमाग बैलगाडी आमच्या अंगणात. गाडीवान उतरला, आरामखुर्ची पाहिली, तुळस पाहिली आणि विचारता झाला, "गिरनी कोठी गेली जी?"

धनलालजींना अतिशय आनंद झाला. "पाहा, गुरुजी! लाल दिवा नसता तं हा मानूस भटकला असता!"

"तो भटकलाच आहे, धनलालजी."

"पन सुखरूप भटकला ना?"

लोकांनी त्यांना पुरेपूर वापरून घेतलं. वरातीला मोटार हवी की धनलालजी, कारण वरातीच्या वेगाने चालणारी मोटार सगळ्या गोंदियात तीच. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असलं की मात्र कुणी त्यांच्याकडे येत नसे. दारासमोरून खाट घेऊन पळत जायचे, पण मोटार मागायचे नाहीत. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याला असं नेताना धनलालजी फाटकात उभे होते. हातात मोटारीची किल्ली होती. खाट धरणाऱ्यांपैकी एकजण त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "तुमी राहू द्या जी, आमाले आजच पोचायचं हाय." सगळे हसले, खाटेवरचा म्हाताराही हसला. धनलालजी हसले नाहीत. ते किल्ली खिशात टाकून आत गेले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला त्यांचं हे रुसणं तेव्हा पोरकट वाटलं होतं.

वर्षातून एकदा, धान घरात आलं की पौषाच्या सुमाराला, ते मोटार घेऊन एकटे देवरीकडे जात. पहाटे निघत, दिवस मावळायच्या आत परत येत. कशाला, ते सांगत नसत. "काम हाय." काम झालं का विचारलं तर, "होऊन राहिलं." तिकडे त्यांची शेती नाही, जंगलाचा ठेका नाही. मग गावाने आपल्या परीने उत्तर शोधून काढलं. पानठेल्यावर ते उत्तर डोळा मारून सांगितलं जाई: देवरीच्या पलीकडे म्हाताऱ्याने बाई ठेवली आहे. म्हणूनच तर एवढे पट्टे आणि दिवे, जिवाला जपून जायला हवं ना! मीही ते ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर अर्धंमुर्धं पटलंही होतं. एवढ्या जय्यत तयारीमागे काहीतरी ओढ असणार, एवढं तर्काला धरून होतं.

त्या वर्षी त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. नाताळची सुट्टी लागली त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात आले. दाराची चौकट धरून उभे राहिले.

"गुरुजी, उद्या खाली हाय काय?"

"हो. का?"

"देवरीकडं जाऊन राहिलो. सोबत पायजे."

"कंदील घेऊन चालावं लागेल का?"

"थोडं," ते म्हणाले.

पहाटे निघालो. थोडं म्हणजे आमगावच्या अलीकडच्या सगळ्या नाल्यांवर. आमगावला ऊन आलं, आम्ही चहा प्यायलो, आणि मग धनलालजींनी मोटार जरा बरी पळवली. पुढे देवरी मागे टाकल्यावर साग आणि मोहाचं जंगल, वळणं, चढउतार. तिथे पुन्हा धुकं. एका वळणावर खरोखरच सरपण लादलेली बैलगाडी मध्येच उभी होती, बिनदिव्याची, गाडीवान वर झोपलेला. खालच्या पिवळ्या उजेडात तिचं चाक आधी दिसलं आणि धनलालजींनी वेळेवर ब्रेक लावला. पट्टा पोटात रुतला, पण मी काचेवर आपटलो नाही. हे मी कबूल करतो. तोपर्यंत ज्या वस्तूंना मी हसलो होतो त्यांतल्या दोन वस्तूंनी त्या सकाळी आमचे जीव वाचवले.

धनलालजींना मात्र त्याचा आनंद झालेला दिसला नाही. शेवटी एका लहान नाल्याच्या काठी, मोहाच्या झाडाखाली त्यांनी मोटार थांबवली. नाल्यापलीकडे गाव असावं. कोंबडा ओरडत होता, माणसांचे आवाज येत होते, पण धुक्यात दिसत काही नव्हतं.

त्यांनी दोनदा भोंगा वाजवला आणि समोर पाहत बसून राहिले.

"कुणाला बोलवायचं आहे का?" मी विचारलं.

"नाई. मोटार गरम झाली. थंडी होऊ द्या."

आम्ही बसलो. हळूहळू धुकं वर उचललं. पलीकडे शेणाने सारवलेल्या भिंती दिसू लागल्या, मग कवेलूंची छपरं, मग एका कडेच्या घरावरून निघणारा धूर. धनलालजींनी डोळे बारीक केले. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांना त्यातलं किती दिसत होतं कोण जाणे. मला विचारलं, "त्या कोपऱ्यातल्या घरून धूर निघून राहिला काय?"

"निघतो आहे."

"चांगला निघते?"

"धूर चांगला काय आणि वाईट काय! निघतो आहे."

"बस," ते म्हणाले. "चला वापस."

"अहो, पण काम?"

"झालं."

मला राग आला. एवढ्या थंडीत मला कंदील घेऊन चालवलं, जिवावरचं संकट टळलं, आणि इथे येऊन हा माणूस धूर पाहून परत फिरतो! मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी मोटार वळवायला घेतली आणि पुढच्या झाकणातून वाफेचा असा फवारा उडाला की झाडावरचे बगळे उठले. ऊन चढलं होतं आणि घोंगडी जाळीवर तशीच होती. थंडीपासून जपता जपता मोटार आतल्या आत उकळून गेली होती. पाण्याचा डबा शोधला तर तो घरीच. वाळूच्या पोत्यांना जागा करायला त्यांनीच काढून ठेवला होता.

"नाल्यातलं आणतो," मी म्हणालो.

"गढूळ हाय. इंजिनात गाळ जाईल."

"मग गावातून आणतो."

"नको!" ते एवढ्या जोरात म्हणाले की मी थबकलो. मग खाली पाहत पुटपुटले, "थोडा वेळ बसू. आपोआप थंडी होईल."

"पाणी आपोआप येणार नाही, धनलालजी," मी म्हणालो आणि विझलेला कंदील त्यांच्या मांडीवर ठेवून नाला ओलांडला.

पहिलंच घर ते धुराचं. अंगणात विहीर, विहिरीपाशी एक बाई उभी. तिशीच्या आसपासची, उंच, पदर खोचलेला. पाणी काढत नव्हती. नुसती उभी होती, तोंड नाल्याकडे करून. मी मोटारीसाठी पाणी हवं म्हणालो.

"मोटार कोनाची?" तिने विचारलं. उत्तर ठाऊक असल्यासारखं.

"गोंदियाचे धनलालजी पटले."

तिने घागर भरली, कमरेवर घेतली आणि चालू लागली. मी मागून. हीच ती बाई, हे माझ्या लक्षात आलं. पानठेल्यावरचे सगळे विनोद मला एकदम आठवले. पण वय काही जुळेना. न राहवून मी विचारलं, "आपण धनलालजींना ओळखता वाटतं?"

ती थांबली. माझ्याकडे वळून पाहिलं. तो चेहरा धनलालजींचाच होता. तीच रुंद हनुवटी, तीच भुवई.

"मी त्यायची पोरगी," ती म्हणाली. "सुमित्रा. सांगतलं नाई त्यायनं?"

"नाही."

"कसे सांगतील!"

नाल्याकडे उतरताना तिने सगळं सांगितलं, पायाखाली पाहत, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगते आहे. तिची आई अशाच थंडीत छातीने आजारी पडली. वाचायची नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. ती एकच नाव घेत होती, सुमित्राला आणा. दारात मोटार उभी होती. लोक धनलालजींना म्हणाले, जा, पोरीला घेऊन या. धनलालजी म्हणाले, कोहरा उतरू द्या. दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. ते कपडे करून, किल्ली हातात घेऊन ओसरीवर बसून राहिले. रस्ता दिसत नाही, पोरीला आणताना मोटार खड्ड्यात गेली तर?

"कोहरा उतरला तवा आई नवती," सुमित्रा म्हणाली. "खबर आली तवा आमी बैलगाडीनं निंगालो. तसल्याच कोहऱ्यातून. बैलायले दिसते जी रस्ता."

पोचली तेव्हा राख उरली होती. बापाला ती एवढंच म्हणाली की आता माझ्याकडे येऊ नका. मग ती माहेरी गेली नाही. दिवे, पट्टे, पोती, घोंगडी, सगळं त्यानंतरचं. माझ्या मनात आलं, ज्या काळजीने या माणसाचं घर मोडलं, तीच काळजी तो वर्षानुवर्षं मोटारीला जोडत बसला आहे.

धनलालजी चाकामागे तसेच बसलेले होते. मुलीला पाहिलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरलं. सुमित्रा त्यांच्याकडे न पाहता पुढे गेली, पदराने गरम झाकण उघडलं, घोंगडी ओढून बाजूला फेकली, पाणी ओतलं. वाफ निघाली, इंजिन फुसफुसलं आणि शांत झालं. मग ती खिडकीपाशी आली.

"बाबूजी."

"हं."

"पानी भरलं. जाता काय?"

"जातो म्हनतो. कोहरा पडाच्या आत..."

"कोहरा दोपारी नाई पडत." ती वाट पाहत राहिली. "दरसाली येता. दोनदा भोंगा वाजवता. जाता. कायले येता?"

धनलालजी चाकाला म्हणाले, "तू बरी हायस का पाहाले."

"इतून दिसते काय मी?"

"तू नाई दिसत. धूर दिसते. चूल पेटली का समजतो, सगळं ठीक हाय."

मी तिथून दूर जायला हवं होतं, पण गेलो नाही.

"अन् मी भोंगा ऐकून दारात येतो," ती म्हणाली. "दरसाली. उभी राहतो. आता उतरतील, आता उतरतील. इतके दिवे लावून येते हा मानूस, अन् दहा पावलं उतरून येत नाई."

"तूच म्हनली होती, येऊ नका."

"म्हनली होती. मंग?"

"मंग... उतरलो असतो तं काय केलं असतं तू?"

"मालूम नाई," ती म्हणाली. "दार बी लावलं असतं तोंडावर. पन तुमी उतरले तं असते ना, बाबूजी. काऊन नाई उतरले?"

प्रत्येक गोष्टीच्या दोन बाजू सांगणाऱ्या त्या माणसाला त्या प्रश्नाची एकही बाजू सापडली नाही. मग त्यांनी दार उघडलं, एक पाय खाली टेकला आणि थांबले, खोली न कळलेल्या पाण्यात उतरावं तसे. सुमित्राने हात पुढे केला नाही. तिने रिकामी घागर उचलली आणि घराकडे चालू लागली. धनलालजी तिच्या मागे गेले. मोटारीचं दार उघडंच राहिलं. ते मी लावलं.

जावई खळ्यावरून आले, सासऱ्यांच्या पाया पडले, पाहुणे नेहमी येतात तसं बोलले. भला माणूस. सुमित्राने आम्हाला वाढलं. उकड्या तांदळाचा भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. ती बसली नाही, बापाच्या ताटाकडे मात्र तिचं लक्ष होतं. धनलालजींनी डाळ मागून घेतली. मग पुन्हा मागितली. जेवणाच्या बाबतीत ते किती किरकिरे हे मला ठाऊक होतं. खानावळीचा डबा ते चार दोष काढल्याशिवाय उघडत नसत. मला नवल वाटलं.

हात धुताना त्यांनी विचारलं, "गोंदियाले येतेस काय? मोटार हाय."

"नाई," सुमित्रा म्हणाली.

"पुढच्या साली?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली पाहू."

ती गोंदियाला कधीच आली नाही, हे इथेच सांगून टाकतो. धनलालजी होते तोवर दर हिवाळ्यात ते गेले, उतरले, जेवून परत आले. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मी परतल्यावर पानठेल्यावर खरी हकीकत सांगून पाहिली. लोकांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, गुरुजी भोळे आहेत, म्हाताऱ्याने त्यांनाही फसवलं. मग मी सांगणं सोडून दिलं. ज्यांना हसायचं असतं त्यांना कारण बदललेलं आवडत नाही.

परतीच्या वाटेवर ऊन स्वच्छ होतं, रस्ता मोकळा. घोंगडी मागे पोत्यांवर पडली होती. धनलालजी मोटार चालवत होते आणि मी बोलायला शब्द शोधत होतो. आमगाव जवळ आलं तेव्हा तेच बोलले.

"गुरुजी, डाळ खारट होती."

"हो," मी म्हणालो. "बरीच. मला तर खाववेना. आणि तुम्ही दोनदा मागून घेतलीत!"



"तिच्या मायचं बी असंच होत जाय," ते म्हणाले. "मन ठिकानावर नसलं का मीठ दोनदा पडे."